पत्त्यांची वही

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. यवत सोडले की खुटबाव आणि खुटबाव सोडले की केडगाव. एक्स्प्रेस गाड्या आमच्याकडे न बघता निघून जातात. बाहेरच्या माणसाला गावाची ओळख सांगायची तर ऊस, गुऱ्हाळे आणि कालव्याचे पाणी एवढेच सांगता येते. अशा गावात मुसलमानांच्या मराठी अंकाचे काय काम, असे मला आजवर अनेकांनी विचारले आहे. विचारणाऱ्यांत आपलेही असतात आणि इतरही. आपले विचारतात तेव्हा त्यांचा जोर 'मराठी' या शब्दावर असतो, इतर विचारतात तेव्हा 'मुसलमान' या शब्दावर. उत्तर मात्र दोघांना एकच द्यावे लागते, आणि ते जरा लांबीचे आहे.

अब्बांचे शिलाईचे दुकान केडगावला होते. राहायला आम्ही खुटबावला. अब्बा सायकलवर जात, पावसाळ्यात गाडीने. दुकानात एक मशीन, एक कापायचे टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाकडे. सांगितलेल्या वेळी कपडे तयार ठेवणारा शिंपी मी अजून पाहिलेला नाही. अब्बाही त्याला अपवाद नव्हते. "दहा मिनिटं बसा, काज-बटण राहिलंय," असे म्हणून माणसाला तासभर बसवायचे, तर त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवे. म्हणून बाकड्यावर नेहमी चार अंक पडलेले असत. चौथी शिकलेल्या माणसाच्या दुकानाला गावात वाचनालयाची कळा आली, त्याचे खरे कारण हे एवढेच.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यासाठी किती पायपीट केली, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. अब्बा गेले नव्हते. दुकान टाकून जाणे त्यांना परवडणारे नव्हते. पण पुढे काही दिवसांनी एका ओळखीच्या मास्तरांनी आपल्या लेखकांचा एक अंक बाकड्यावर आणून ठेवला. अब्बांनी तो उघडला आणि पहिल्या पानावरची अनुक्रमणिका वाचतच राहिले. तांबोळी, मुलाणी, आत्तार, शेख, पठाण. कथा नाही, कविता नाही, नुसती नावे वाचली. शाळेच्या मराठी पुस्तकात आमच्यासारखी नावे क्वचितच भेटत. इतिहासाच्या पुस्तकात भेटत ती लढाईच्या धड्यात. धड्याच्या वर, लेखकाच्या जागी, आपल्या आळीतले वाटावे असे नाव छापलेले असते, हे अब्बांना ठाऊकच नव्हते.

संध्याकाळी तो अंक घरी आला. अम्मीला वाचता येत नव्हते. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, "इसमें अपने लोगां के नाव हैं क्या?"

अब्बा म्हणाले, "सब अपनेच हैं."

"सब नहीं. अपने घर का कोई है क्या?"

या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर नव्हते.

अंकाच्या शेवटी लेखकांचे पत्ते छापलेले होते. आजच्या संपादकांना हे विचित्र वाटेल, पण तेव्हा तशी पद्धत होती. अब्बांची मापांची वही होती, छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने आखलेली. ती उलटी करून मागच्या बाजूने त्यांनी पत्ते उतरवायला सुरुवात केली. मग पोस्टकार्डे जाऊ लागली. 'आपली कथा वाचली. आमच्याकडेही असेच आहे. खुटबावला आल्यास जरूर यावे.' यापलीकडे मजकूर क्वचितच जाई. उत्तरे येत. लातूरहून, सांगलीहून, कोकणातून. कुणी शिक्षक, कुणी एस. टी.त कंडक्टर, कुणी बांगड्यांचा व्यापारी. आपल्यासारखे घरात दखनी आणि दारात मराठी बोलणारे लोक महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत, हे अब्बांना ऐकून माहीत होते. पण त्यांचा पत्ता असतो आणि तिथे कार्ड टाकले की उत्तर येते, ही गोष्ट वेगळी. माझ्या धाकट्या बहिणीचे स्थळ याच वहीतून आले. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीचे हे योगदान समीक्षकांच्या नजरेतून निसटले आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

बाकड्यावर एकाच रंगाचे अंक नव्हते. पुण्यात २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, त्या मंडळाची 'मुस्लिम सत्यशोधक पत्रिका' असे, आणि तिच्याच शेजारी मुंबईहून निघणारे 'शोधन' साप्ताहिकही असे. या दोघांचे आपसात किती पटते ते वाचक जाणतात. अब्बांचे मत यांपैकी कोणाशी जुळत होते ते मला शेवटपर्यंत नीट कळले नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने चिडून एक अंक टेबलाखाली सरकवला. अब्बांनी तो उचलला, झटकला आणि पुन्हा वर ठेवला. "शर्ट तुमचा, बाकडं माझं," एवढेच म्हणाले.

याच बाकड्यावर मला पंडिता रमाबाई भेटल्या. केडगाव म्हटले की मुक्ती मिशन आलेच. मिशनमधल्या एक वयस्क बाई दोरे-बटणे न्यायला दुकानात येत. एक दिवस आपला अंक चाळता चाळता त्यांनी विचारले, "वर्गणीदार किती आहेत?" अब्बांना आकडा माहीत नव्हता. बाई म्हणाल्या, "आमच्या इथंही एक छापत होते. 'प्रेअर बेल'. प्रार्थनेची घंटा. इथं वाजवायची आणि ती विलायतेत ऐकू जायची."

मी त्या वेळी कॉलेजात होतो. बाईंच्या या वाक्याने मनात घर केले आणि पुढे मिळेल ते वाचत गेलो. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पुण्यात वादळ उठले, ते सर्वांना माहीत आहे. नंतर मध्य प्रांतात आणि गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः फिरून उपाशी, निराधार मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. १९००च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे एकत्र राहत होती. दोन हजार माणसांचे एक घर! गुजराती, मराठी, हिंदी बोलणाऱ्या, आंधळ्या, विधवा, पोरक्या अशा सगळ्या एका विहिरीवर पाणी भरीत, शेत पिकवीत, कापड विणीत. त्या वसाहतीत छापखाना होता आणि मुली तिथे खिळे जुळवीत. 'मुक्ती प्रेअर बेल' तिथलेच. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेले बायबलचे भाषांतरही तिथल्या बायकांनीच छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली. खुटबावच्या पुढच्या स्टेशनावर हिब्रू अक्षरांचे खिळे हाताळणाऱ्या बायका होत्या, यावर आजही चटकन विश्वास बसत नाही.

त्यांच्या धर्मकार्याबद्दल ज्याचे त्याचे मत असू शकते. मला इथे त्या अंकाबद्दल बोलायचे आहे. 'प्रेअर बेल' इंग्रजीत निघे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या हितचिंतकांसाठी. इथे काय घडते आहे, कशाची गरज आहे, कशासाठी प्रार्थना करा, हे त्यांना कळावे म्हणून. तिचे काम तिने चोख केले. एवढा संसार परदेशातून येणाऱ्या मदतीवर चालत होता, आणि मदत करणाऱ्याला घरातले वर्तमान कळवावेच लागते. पण त्या घरात राहणाऱ्या बहुतेकींची ती भाषा नव्हती. अंक त्यांच्याविषयी होता, त्यांच्या सोबतिणींच्या हातून छापला जात होता, पण त्यांना उद्देशून नव्हता. याच रमाबाईंनी भाषांतर करताना मात्र खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी वापरण्याचा हट्ट धरला. एकाच छापखान्यातून ही दोन्ही कामे निघाली. एकातून वसाहत बाहेरच्यांशी बोलत होती, दुसऱ्यातून घरच्या बाईशी.

आपल्याबाबतही मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. मुसलमानांविषयी मराठीत पुष्कळ छापून येते. सहानुभूतीने येते, रागाने येते, आकडेवारीसह येते. ते सगळे आपल्याविषयी असते. आपल्याला उद्देशून, आपल्याच बोलण्यातल्या मराठीत, आपल्याच माणसाने लिहिलेले असे काही हवे असेल, तर ते दुसरा कोणी छापून देत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. 'मूकनायक' तीनेक वर्षेच चालले, आणि त्यापुढे काय काय घडले ते आपण पाहतोच आहोत. र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ असे सव्वीस वर्षे निघाले. संततिनियमनावर उघड लिहिलेले वाचणारे त्या काळात किती असतील? मूठभरच. ते मूठभर वाचक घरात अंक लपवून का होईना, ठेवीत होते.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी अन्यायाने विखुरलेल्या माणसांची उदाहरणे झाली. ज्यांचे बरे चालले आहे, त्यांना अशा अंकाची काय गरज? माझा भाचा काही वर्षांपूर्वी अमेरिकेतून आला तेव्हा त्याने सामानात एक अंक आणला होता. 'कम्युनिटीज' नावाचे त्रैमासिक. १९७२ पासून निघते. विषय एकच: आपणहून एकत्र राहणाऱ्या लोकांच्या वसाहती. डेन्मार्कात ही कल्पना त्याच सुमारास रुजली. प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, पण मोठे स्वयंपाकघर सामाईक, आठवड्यातून काही जेवणे एकत्र, कामे वाटून घेतलेली. भाचा कौतुकाने सांगत होता आणि अम्मी ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मतलब अपना मोहल्लाच ना? उसका मासिक कायकू निकालना?"

प्रश्न बरोबर होता. ज्यांच्या भिंतीला भिंत लागलेली आहे, त्यांनी एकमेकांना छापून का कळवावे? मी तो अंक अडखळत वाचला. भांडी कोणी घासायची यावरून झालेले भांडण, म्हाताऱ्या शेजाऱ्याची काळजी कोणी घ्यायची, नवीन कुटुंब आत घेताना काय बघायचे, असे लेख. मागच्या पानांवर छोट्या छोट्या जाहिराती: अमुक वसाहतीत माणसे हवी आहेत, तमुक कुटुंबाला जागा हवी आहे. वाचता वाचता अब्बांची वही आठवली. शेजारी राहणाऱ्याशी बोलायला अंक लागत नाही, हे खरेच. पण आपण जसे राहतो तसे आणखीही कोणी राहते का, त्यांच्यातही भांड्यांवरून भांडणे होतात का, आणि झाली तर ते काय करतात, हे शेजाऱ्याला विचारून कळत नाही. ते दूरच्याकडूनच कळते. त्या त्रैमासिकावरही पाळी आली होती. छापणाऱ्या जुन्या संस्थेला भार झेपेना. २०१९ साली दुसऱ्या संस्थेने ते आपल्याकडे घेतले. अमेरिकेतही अंक चालवणाऱ्याच्या कपाळावर त्याच आठ्या असतात, हे वाचून वाईट वाटायला हवे होते. मला थोडे बरेच वाटले.

आता आपल्या आठ्यांकडे येतो. यंदा संपादकांचे पत्र आले. जुन्या लेखकांनी आपापल्या तालुक्यातले पत्ते तपासून द्यावेत, आणि पुढल्या वर्षापासून अंक छापावा की नुसता मोबाईलवर पाठवावा याबद्दल मत कळवावे. पत्राचा सूर थकलेला होता. कागद महागला, छपाई महागली हे जुनेच रडगाणे. नवीन दुखणे टपालाचे. टपालाच्या १८९८च्या कायद्यात वर्तमानपत्राची सवलत मिळायची तर अंक एकतीस दिवसांच्या आत निघावा लागे आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी लागे. मासिकाला त्यामुळे अगदी पैशांत जाणारे तिकीट लागे. आपण पडलो वार्षिक. वर्षातून एकदा उगवणाऱ्याला ती सवलत कुठली? आपल्यासारख्यांना आधार बुक पोस्टचा. त्यातली रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, दर चांगला आहे. पण ती पुस्तकांसाठी. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. म्हणजे आपला अंक वर्तमानपत्र म्हणावे इतका वारंवार निघत नाही, आणि पुस्तक म्हणावे तर दरवर्षी निघतो. दोन्हीकडून बाहेर. आपल्या लोकांना ही अवस्था काही नवीन नाही.

मोबाईलवर पाठवण्याला माझा विरोध नाही. पाठवावाच. माझ्या फोनमध्ये असे पुष्कळ अंक आहेत. कोणता कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. शिवाय आमच्या घरात फोन ज्याचा त्याचा आहे. माझ्या फोनवर आलेला अंक मीच बघणार, किंवा बघायचा राहून जाणार. कागदाचा अंक मात्र ज्याच्या नावे येतो त्याच्याखेरीज सगळे वाचतात. याला पुरावा आमच्याच घरात आहे.

धाकट्या भावाचे लग्न झाले. भावजय श्रीगोंद्याची, शेख महंमदबाबांच्या गावची. दहावी झालेली. अंक अब्बांच्या नावाने यायचा. अब्बा दुकानात न्यायच्या आधी चारसहा दिवस तो घरी राही. ती दुपारी, पोळ्या झाल्यावर, चुलीच्या उजेडात नव्हे तर चांगले दारात बसून वाचायची. अम्मीला मोठ्याने वाचून दाखवायची. अम्मीला कविता आवडत नसत. "कहानी सुना," म्हणायची. पुस्तकाच्या दुकानात ती कधी गेली नसती, वाचनालयाची वर्गणी तिच्या नावाने कोणी भरली नसती. अंक दारात पडला म्हणून हातात आला. तिच्यासाठी तो पाठवलेलाच नव्हता.

एका वर्षी एक कथा आली. सासरी आलेली मुलगी घरात बोलायची भाषा बदलते, अशी काहीशी. भावजयीला ती पटली नाही. तिने कोणाला न सांगता संपादकांना पत्र लिहिले. पानभर, वहीच्या कागदावर. शेजारच्या मुलाकडून पेटीत टाकले. पुढच्या अंकात ते 'वाचकांचा पत्रव्यवहार'मध्ये छापून आले, खाली तिचे पूर्ण नाव आणि 'खुटबाव, ता. दौंड'. पत्रात दोन ठिकाणी संपादकांनी व्याकरण सुधारले होते. त्याचा तिला अजून राग आहे.

त्या दिवशी अब्बा सायकल घेऊन दुकानाला निघाले होते. तेवढ्यात पोस्टमन आला. अब्बांनी पाकीट फोडून अंक चाळला, थांबले, सायकल भिंतीला लावली आणि आत येऊन अम्मीला म्हणाले, "है. अपने घर का नाव है."

अम्मीने बोट ठेवून घेतले. कुठे आहे ते अक्षर दाखव म्हणाली. मग तो अंक दुकानात गेलाच नाही. रेशनकार्ड आणि जमिनीचे कागद ज्या पत्र्याच्या पेटीत असतात, तिच्यात गेला. अजून तिथेच आहे.

अब्बा जाऊन आता काही वर्षे झाली. दुकान बंद झाले. बाकडे घरी आणले आहे, अम्मी त्याच्यावर बसते. मापांची वही माझ्याकडे आहे. संपादकांच्या पत्रानंतर मी ती काढून दौंड तालुक्यातले पत्ते एकेक करून तपासले. अकरा होते. तिघे वारले. दोन घरे पुण्याला गेली, एकाने अंक नको म्हणून सांगितले. एका घरी नातू म्हणाला, "आजोबांच्या नावानं येतो तो? तो येऊ द्या, आई वाचते." बाकीचे चौघे आहेत तसेच आहेत. म्हणजे अकरातले पाच उरले, आणि त्या पाचांतल्या एकाकडे वाचणारी व्यक्ती वेगळीच. संपादकांना मी कळवले की अंक छापा. तीनशे छापता येत नसतील तर दोनशे छापा, पाने कमी करा, मुखपृष्ठ एका रंगात काढा. टपाल परवडत नसेल तर तालुक्यागणिक एक गठ्ठा करा, आम्ही घरोघर पोचवू. दौंडचा गठ्ठा माझ्याकडे. शटलने यवतपासून दौंडपर्यंत एका दिवसात होतो. या वर्षीच्या अंकापासून तसे ठरलेही आहे.

यादी नव्याने लिहायला बसलो तेव्हा आमच्या घरच्या ओळीवर अडलो. अब्बांचे नाव खोडून मी तिथे भावजयीचे नाव घातले आणि तिला दाखवले. तिने चष्मा लावून वाचले.

"भाईजान, अब्बांचं राहू द्या," ती म्हणाली. "माझं खाली लिहा."

मी म्हणालो, एका अंकाला दोन नावे कशी चालतील? गठ्ठा तर आता आपल्याच घरी येणार.

"मग काय झालं? यादी छापतात ना शेवटी?"

यादी आता छापत नाहीत. पण तिला तसे सांगितले नाही. दोन्ही नावे लिहिली, एकाखाली एक.